ज्या दारात चपला जास्त

एका बाजारगावात एक बैलांचा पारखी राहत होता. त्याचं नाव गेनबा. दर मंगळवारी गावाबाहेरच्या माळावर जनावरांचा बाजार भरायचा आणि माळावर पाऊल टाकणारा जो तो आधी विचारायचा, "गेनबाअण्णा कुठं हायेत?" बैल घेणं म्हणजे घरात एक माणूस वाढवणंच असतं. निवड चुकली तर ती चूक रोज सकाळी दावणीला उभी दिसते. म्हणून लोक गेनबाला सोबत नेत.

गेनबाची एक रीत होती. "बाजारातला सगळ्यात चांगला बैल कोणता?" असं कुणी विचारलं की तो कपाळाला आठ्या घालायचा.

"बैलाचं ऱ्हाऊ दे. आधी तुझं सांग," तो म्हणायचा. "रान काळं हाय का मुरमाड? नांगराला पायजे का गाडीला? आन् सांभाळनार कोन, तू का तुझी म्हातारी?"

गिऱ्हाईक कंटाळायचं. बैल घ्यायला आलेल्या माणसाला स्वतःविषयी एवढं सांगायची सवय नसते. पण सगळं ऐकून झाल्याशिवाय गेनबा एकाही बैलाला हात लावत नसे.

एकदा हात लावला, की मग बघत राहावं! डोळे मिटून तो मानेवरून, खांद्यावरून, गुडघ्यांवरून, खुरांवरून बोटं फिरवायचा. कधीकाळी खांदा सुजून बरा झाला असेल, तर ते बोटांना कळायचं. खुरात नको ती ऊब असेल, तर तेही कळायचं. विकणाऱ्याने तेल चोपडून झाकलेलं सगळं गेनबाची बोटं उघडं पाडायची.

सौद्यालाही बोटंच लागत. त्या बाजारात भाव तोंडाने बोलायची पद्धत नव्हती. विकणारा आणि घेणाऱ्याकडचा माणूस समोरासमोर बसत, उजव्या हातांवर उपरणं टाकत आणि उपरण्याखाली एकमेकांची बोटं धरत. कोणतं बोट धरलं, किती बोटं धरली, कुठल्या पेरावर दाबलं, यावरून भाव कळायचा. भोवती माणसांचं कडं उभं असलं तरी आतली गोष्ट आतच राहायची. वर दोघांचे चेहरे असे, की जणू शेजारच्या गावच्या जत्रेविषयी बोलणं चाललं आहे.

एका हिवाळ्यात या बोटांना काहीतरी झालं. सकाळी उठलं की उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं बधिर असायची. हात झटकला की मुंग्या यायच्या आणि थोड्या वेळाने बरं वाटायचं. गेनबाने मनावर घेतलं नाही. मग बरं वाटायला उशीर लागू लागला. सदऱ्याची गुंडी लागेना. एके दिवशी चहाचा कप हातातून निसटला आणि खळ्ळकन आवाज झाल्यावरच गेनबाला समजलं, की कप आता हातात नाही.

त्याची बायको तानूबाई तुकडे गोळा करायला बसली.

"अवो, हाताला काय झालंया?"

"कुठं काय? झोपेत अवघडला आसंल."

"रोजच कसा अवघडतो?"

"तू आधी तुकडं उचल. पायात जाईल कुनाच्या."

तानूबाईने तुकडे उचलले. पण नवऱ्याच्या हातावरची नजर काही उचलली नाही.

खरी भीती गेनबाला बाजारात वाटली. एका माणसासाठी तो सौद्याला बसला होता. समोरच्याने उपरण्याखाली त्याची बोटं धरली आणि त्याला कळेना, दोन धरलीत की तीन. त्याने चेहरा हलू दिला नाही. "न्हाई जमत," एवढं बोलून तो उठला. बिचारं गिऱ्हाईक बैलावाचून घरी गेलं. लोक म्हणाले, गेनबाअण्णाला त्या बैलात काहीतरी खोट दिसली असणार. खोट बैलात नव्हती. त्या दिवशी गेनबाला जेवण गेलं नाही. पारख्याच्या बोटांना कळेनासं झालं हे बाजारात फुटलं, तर पुढच्या मंगळवारी "गेनबाअण्णा कुठं हायेत" असं विचारणार कोण? दुसरं कुठलं काम त्याला येत नव्हतं आणि दुसरं कुठलं काम त्याला आवडतही नव्हतं.

"दवाखान्यात जावा," तानूबाई म्हणाली.

गावात दवाखाना चांगला होता. एक लांब ओसरी आणि ओसरीवर ओळीने दारं. एका दारात रोजचं दुखणंखुपणं बघणाऱ्या डॉक्टर लोखंडे बसत. त्यांना सगळे डॉक्टरीणबाई म्हणत. पुढचं दार दातांचं, त्यापुढचं डोळ्यांचं. टोकाच्या खोलीत शेख नावाचे डॉक्टर व्यायाम करवून घेत. आत रबरी चेंडू, पट्टे आणि भिंतीला लावलेली शिडी दिसायची, म्हणून गावाने त्या खोलीचं नाव तालीम ठेवलं होतं. आणि मधलं मोठं दार मंगळवारीच उघडायचं. त्या दिवशी शहरातून हृदयाचे डॉक्टर येत.

ओसरीच्या पायरीपाशी टेबल टाकून एक सिस्टर बसत. "काय होतंय?" असं त्या प्रत्येकाला विचारत, म्हणजे कोणत्या दारात पाठवायचं ते त्यांना ठरवता येई. पण गावाला हा प्रश्न आवडत नसे. डॉक्टरांना सांगायची गोष्ट टेबलाशी कशाला सांगायची? लोक काहीतरी मोघम बोलून पुढे सरकत. दार निवडायची गावाची स्वतःची पद्धत होती. आत जाताना चपला दाराबाहेर काढाव्या लागत. ज्या दाराबाहेर चपला जास्त, तो डॉक्टर चांगला. विचारायला नको, सांगायला नको, नुसतं खाली बघायचं. मंगळवारी मधल्या दाराबाहेर चपलांची रास पडायची. डॉक्टरीणबाईंच्या दाराबाहेर मात्र मोजक्याच चपला असत, म्हणून बाई बऱ्या असतील पण फार मोठ्या नसतील, असं गावाचं मत होतं.

बाजार आटोपून गेनबा ओसरीवर आला आणि त्याने खाली पाहिलं. बैलांच्या बाबतीत एवढा चिकित्सक माणूस, पण चपला बघून तोही भारावला. राशीत साध्या वहाणा होत्या, तशी सरपंचांची कोल्हापुरी होती, कुणाचे चकचकीत बूटही होते. एवढी माणसं काय उगाच बसली असतील?

तो रांगेतल्या माणसांत जाऊन बसला आणि चौकशी करू लागला. गेनबा मुळातच चौकस. डॉक्टर कुठले? शहरात त्यांचा बंगला केवढा? गाडी कोणती? परदेशात शिकले म्हणतात, ते खरं का? शेजारचे लोकही हौसेने सांगत होते. कुणाला गाडीचा रंग ठाऊक होता, कुणाला डॉक्टरांच्या सासऱ्यांचं गाव. सगळ्या ओसरीवर कुतूहलाला नुसता ऊत आला होता. डॉक्टर नेमकं काय बघतात, एवढं सोडून बाकी सगळं तिथे विचारून झालं.

सिस्टर रांगेपाशी आल्या. "आजोबा, तुम्हाला काय होतंय?"

गेनबाने डावीउजवीकडे पाहिलं. एका बाजूला बैलांचा व्यापारी बसला होता, दुसऱ्या बाजूला रोजच्या ओळखीचं एक गिऱ्हाईक. बोटांचं नाव काढायची सोय नव्हती. शिवाय मोठ्या डॉक्टरकडे जायचं, तर दुखणंही त्यांच्या तोलाचं हवं.

"छातीत धडधडतं," त्याने ठोकून दिलं.

सिस्टरने त्याला मधल्या दारात पाठवलं. डॉक्टर खरोखर चांगले होते. त्यांनी छातीला नळी लावली, यंत्रावर हृदयाचा आलेख काढला, पुन्हा एकदा नीट ऐकलं.

"धडधड कधी होते?"

"आत्ता होतीया," गेनबा म्हणाला. यात मात्र तसूभरही खोटं नव्हतं. थाप मारून आत आलेल्या माणसाची छाती धडधडणारच.

"तुमचं हृदय उत्तम आहे," डॉक्टर हसून म्हणाले. "बाकी काही त्रास?"

आता तरी सांगावं, असं गेनबाच्या मनात आलं. पण दार उघडंच होतं आणि दारात पुढचा नंबर धरून तोच व्यापारी उभा होता. गेनबाने उजवा हात हळूच खिशात घातला.

"न्हाई. बाकी झ्याक."

घरी येताना तो अगदी ताठ मानेने आला. भेटेल त्याला थांबवून सांगत होता, शहरातल्या डॉक्टरांनी काळीज तपासलं आणि उत्तम म्हणाले. तानूबाईलाही त्याने तेच सांगितलं.

"काळीज चांगलं हाय ते मला ठावं हुतं," ती म्हणाली. "हाताचं काय म्हनाले?"

"हाताचं कशाला इचारू? क्येवढा मोठा मानूस त्यो!"

"मग गेलासा कशाला?"

गेनबा रागावून बाहेर जाऊन बसला. बसल्या जागी त्याने खिशातून तंबाखूची चंची काढली आणि चंचीची दोरी काही केल्या सुटेना. शेवटी दातांनी सोडवली.

पुढच्या मंगळवारी बाजारात चंद्रभागाबाई आली. ती गावात लाकडी घाणा चालवून करडईचं, शेंगदाण्याचं तेल काढायची. तिचा घाण्याचा बैल म्हातारा झाला होता. नवा बैल घ्यायची तिची ऐपत पुन्हा लवकर येणार नव्हती, हे सगळ्यांना माहीत होतं. आल्या आल्या तिने बोट दाखवलं. माळाच्या मध्यावर एक पांढराशुभ्र, उंच, टोकदार शिंगांचा बैल उभा होता आणि त्याच्याभोवती ही गर्दी!

"अण्णा, त्यो बगा. समदा बाजार त्याच्याभवती हाय. त्योच घेऊ."

"खुळी का काय तू?" गेनबा म्हणाला. "ते शर्यतीचं जनावर हाय. वाऱ्यासंगं पळनारं. त्याला डोळं बांधून घान्याभवती फिरवलंस तर आठ दिसांत घाना मोडंल, न्हाई तर त्यो मोडंल. घान्याला कसा पायजे? थंड डोक्याचा, एकाच चालीचा, वळनाला न कुरकुरनारा."

"पर येवढी गर्दी..."

"गर्दीला काय लागतंया? गर्दी नुसती बघायला जमती. तुझं काम काय, ते बघ."

चंद्रभागाबाई दिसायला साधी, पण जिभेने तिखट होती. तिने पदर कमरेला खोचला.

"आसं हाय व्हय? मग गेल्या मंगळवारी तुमी त्या मोठ्या दारात का बसला हुता? मी आईला घिऊन मागंच बसले हुते. म्या तर आइकलं, तुमचं काळीज उत्तम हाय म्हनून."

भोवतीची माणसं हसली. गेनबाही हसला. पण ते हसू त्याच्या तोंडावर फार वेळ टिकलं नाही. आपणच बोललेलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर ते किती वेगळं लागतं! त्याने मुकाट्याने बाजारात फेरी मारली आणि कडेला बांधलेला एक तांबूस, बुटका, शांत डोळ्यांचा बैल शोधला. पाहायला त्याच्याजवळ कुणीही नव्हतं. गेनबाने डावा हात फिरवून जमेल तेवढं तपासलं, चालवून पाहिला, वळवून पाहिला. बैल घाण्यासाठीच जन्माला आल्यासारखा होता.

मग सौदा आला. विकणारा समोर बसला, हातांवर उपरणं पडलं. भोवती कडं झालं. आत विकणाऱ्याने बोटं धरली.

गेनबाला काही कळलं नाही. काहीच कळलं नाही.

त्याने पुन्हा धरायला लावली. पुन्हा तेच. उपरण्याखाली जणू दुसऱ्याच कुणाचा हात होता. आता काय करावं? उठून जावं, तर हा बैल दुसरा कुणी नेणार आणि बाईचा घाणा बंद पडणार. अंदाजाने हो म्हणावं, तर अंदाज चुकल्यावर भुर्दंड बाईला, आणि गेनबाचं नाव मात्र शाबूत. कुणाला कधी कळलंही नसतं. त्याने चंद्रभागाबाईकडे पाहिलं. ती बैलाकडे बघत होती. आपला पारखी बसला आहे म्हटल्यावर सौद्याकडे बघायची तिला गरजच वाटत नव्हती.

गेनबाने डाव्या हाताने उपरणं ओढून काढलं. भर बाजारात, सगळ्यांच्या देखत.

"मला कळंना झालंया," तो म्हणाला. "माझी बोटं बधिर झाल्यात. लई दीस झालं. भाव तोंडानं सांग बाबा, तिला आइकू दे."

विकणाऱ्याची चांगलीच पंचाईत झाली, कारण तोंडाने भाव सांगायचा म्हणजे चार लोकांत रास्त भाव सांगावा लागतो. त्याने तो सांगितला. चंद्रभागाबाईला परवडला. बैल तिच्या हाती आला.

ती बैल घेऊन निघाली आणि गेनबापाशी थांबली. या वेळी तिच्या बोलण्यात तिखटपणा नव्हता.

"अण्णा, आमाला येवढं इचारता. रान कसलं, काम कसलं. दवाखान्यात तुमाला कुनी इचारलं न्हाई का?"

"इचारलं की," गेनबा म्हणाला. "म्याच खोटं सांगितलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दवाखान्यात गेला. जाताना त्याने एक केलं, ओसरीवरच्या चपलांकडे पाहिलंच नाही. थेट सिस्टरच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिला. आजूबाजूला ओळखीची माणसं होती. असू देत. बाजाराला कळल्यावर ओसरीला कळायचं काय राहिलं?

"काय होतंय, आजोबा?"

गेनबाने सगळं सांगितलं. कोणती बोटं, कधीपासून, सकाळी जास्त की संध्याकाळी. गुंडी लागत नाही, कप निसटतो, उपरण्याखालचं कळत नाही. काम बैलांचं, दिवसभर हातात कासरा. सगळं सांगून झाल्यावर त्याने विचारलं, "ह्या कामाचं दार कोंचं?"

"आधी डॉक्टर लोखंडे," सिस्टर म्हणाल्या.

मोजक्या चपलांच्या शेजारी गेनबाने आपल्या वहाणा काढल्या.

डॉक्टरीणबाईंनी त्याला खुर्चीत बसवलं आणि त्या विचारू लागल्या. रात्री हात कसा ठेवून झोपता? करंगळीला मुंग्या येतात का? मान दुखते का? लघवीला जास्त जावं लागतं का? घरात कुणाला साखरेचा आजार आहे? गेनबाला गंमत वाटू लागली. बाई आपल्यासारखंच करतायत! अजून हाताला हातसुद्धा लावलेला नाही!

मग त्यांनी हात लावला. मनगट वाकवून धरायला सांगितलं, मनगटावर बोटाने टिचक्या मारल्या, कापसाचा बोळा एकेका बोटावरून फिरवला. "कासरा कसा धरता, दाखवा बरं."

गेनबाने टेबलावरची पट्टीची गुंडाळी उचलली आणि सवयीने मनगटाला दोन वेढे देऊन आवळून धरली. त्याचा बापही कासरा असाच धरायचा. बैल हिसडला तरी सुटत नाही.

"हे पाहा," बाई म्हणाल्या, "बोटांकडे जाणारी एक शीर मनगटातल्या अरुंद जागेतून जाते. ती दाबली जातेय, असं मला वाटतं. या वेढ्यांनी त्रास वाढत असणार. रक्त तपासून घेऊ, म्हणजे साखरेचं काही नाही ना ते कळेल. पण पुढचं काम माझं नाही. ते शेख डॉक्टरांचं."

"त्या तालमीतल्या?"

"त्याच. ते मनगटाला आधाराची पट्टी देतील आणि व्यायाम शिकवतील. त्याने बरं वाटेल, अशी आशा आहे. नाही वाटलं, तर शहरात हाताच्या डॉक्टरांकडे पाठवीन. लहानशी शस्त्रक्रिया लागेल. त्या वेळी कुणाकडे जायचं तेही सांगेन. अजून फार उशीर झालेला नाही, पण लपवत बसला असतात, तर झाला असता."

गेनबा त्यांच्याकडे टक लावून बघत होता. बाजारात तो एका गोष्टीवरून विकणाऱ्याची परीक्षा करायचा. जो माणूस आपल्या बैलाची खोड न विचारता सांगतो, त्याच्याशी डोळे मिटून व्यवहार करावा. आणि इथे या बाई आपणहून सांगत होत्या, की एवढं मला कळतं, इथून पुढचं माझं काम नाही. गेनबाचा जीव एकदम हलका झाला.

तरी त्याचं कुतूहल काही गप्प बसेना.

"डॉक्टरीणबाई, एक इचारू का? तुमी मोठ्या, का ते शेख मोठं, का मंगळवारचं डॉक्टर मोठं?"

बाई हसल्या. "सगळ्यात चांगला बैल कोणता, असं विचारणाऱ्याला तुम्ही काय सांगता?"

गेनबा खो खो हसला. मग दाराकडे हात करून म्हणाला, "मग तुमच्या दारात चपला कमी का?"

"कारण माझ्याकडे येणारा लवकर पुढच्या दारात जातो. कुणी औषध घेऊन घरी, कुणी दातांकडे, कुणी डोळ्यांकडे. बसून कशाला राहील?"

गेनबाने पायांत वहाणा चढवल्या आणि टोकाच्या खोलीकडे निघाला. आयुष्य बैलांच्या बाजारात काढलेल्या माणसाला चपला मोजून काय कळतं आणि काय कळत नाही, हे त्या दिवशी कळलं.

रक्तात साखर निघाली नाही. शेख डॉक्टरांनी मनगटाला पट्टी दिली, ती रात्री बांधून झोपायचं. व्यायाम शिकवले. ते लहान मुलांच्या खेळासारखे होते आणि गेनबाला ते करताना लाज वाटायची, म्हणून तानूबाई समोर बसून करवून घ्यायची. कासरा मनगटाला गुंडाळणं बंद झालं. सवय मोडताना त्याच्या नाकी नऊ आले. सुरुवातीला काहीच फरक पडला नाही आणि गेनबा चिडचिडा झाला. मग मुंग्या थोड्या कमी झाल्या. मग एके सकाळी, तानूबाई चुलीपाशी असताना, त्याने सदऱ्याची गुंडी लावली आणि लावून झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की आपण ती न बघता लावली.

"अगं ए!" तो ओरडला.

तानूबाई धावत आली. त्याने गुंडी सोडली, डोळे मिटले आणि पुन्हा लावून दाखवली. तानूबाईने त्याचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. ती बोटं दाबत गेली आणि तो सांगत गेला, हे मधलं, हा अंगठा, आता दोन धरलीस. दोघांचेही डोळे भरून आले होते.

बाजारात गेनबाला वाटलं होतं तसं काही झालं नाही. उलट झालं. ज्या माणसाने दुसऱ्याच्या बैलासाठी भर बाजारात आपली खोड सांगितली, त्याला सोडून जायचं कुणाकडे? हात बरा होईपर्यंत लोक भाव तोंडाने करत राहिले आणि हात बरा झाल्यावर पुन्हा उपरण्याखाली. चंद्रभागाबाईचा तांबूस बैल घाण्याभोवती फिरत होता आणि तो पांढरा शर्यतीचा बैल कुठल्याशा गावात वाऱ्यासारखा पळत होता. दोघंही आपापल्या जागी होते.

एका मंगळवारी गेनबा मनगट दाखवायला दवाखान्यात गेला, तेव्हा ओसरीखाली एक माणूस उभा होता. परगावचा असावा. तो मधल्या दाराबाहेरची चपलांची रास बघत होता. गेनबाला पाहून त्याने विचारलं, "पावनं, हितला सगळ्यात चांगला डॉक्टर कोन?"

गेनबाच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"डॉक्टरचं ऱ्हाऊ दे. आधी तुझं सांग. काय हुतंया?"

माणसाने इकडेतिकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले.

"हितं... चार मानसांत कसं सांगू?"

"मला नगं सांगू," गेनबा म्हणाला. त्याने त्या माणसाच्या खांद्यावर उजवा हात ठेवला आणि त्याला पायरीपाशी नेऊन सोडलं. "त्या टेबलाशी बसल्यात त्यास्नी सांग. हळू आवाजात सांग. पर खरं सांग."

तात्पर्य: सगळ्यात मोठा डॉक्टर कोण, हे विचारण्याआधी आपलं दुखणं काय, ते न लपवता सांगावं. दुखणं खरं सांगितलं, तरच योग्य दार सापडतं.